हरणार हे ठाऊक असलेला दावा: न्यायाधीश वेअरिंग आणि ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’

१७ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन शहरात, फेडरल न्यायालयात, एका शाळेच्या दाव्याची पूर्वसुनावणी होती. त्या दिवशी साक्षी व्हायच्या नव्हत्या. मुद्दे काढायचे, कोणती कागदपत्रे उभय पक्षांना मान्य आहेत ते नोंदवायचे आणि सुनावणीची तारीख घ्यायची, एवढेच काम होते. वादींचे वकील थरगुड मार्शल तेवढ्याच तयारीने न्यूयॉर्कहून आले होते. न्यायाधीश ज्युलियस वेटीझ वेअरिंग यांनी त्यांच्यापुढे भलताच प्रश्न टाकला: कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा गोऱ्या मुलांच्या शाळांइतक्या चांगल्या करून द्याव्यात एवढेच तुमचे मागणे आहे, की मुळात शाळा वेगळ्या ठेवणेच घटनाबाह्य आहे असे तुमचे म्हणणे आहे? दुसरे असेल तर ते दाव्यात स्पष्टपणे आलेले नाही, तेव्हा हा दावा काढून घ्या आणि तसा नवा दावा दाखल करा.

या सूचनेतली मेख कायद्याच्या एका तरतुदीत होती. राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवून त्याच्या अंमलबजावणीला मनाई मागणारा दावा त्या काळी एकट्या फेडरल न्यायाधीशाला चालवता येत नसे. त्यासाठी तीन न्यायाधीशांचे खास न्यायालय बसवावे लागे आणि त्याच्या निकालावरचे अपील मधली पायरी वगळून थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. पहिला दावा वेअरिंग यांच्या एकट्यापुढे होता आणि तो वादी नक्की जिंकले असते. नव्या दाव्यात वेअरिंग यांचे मत तिघांपैकी एक उरणार होते, आणि उरलेले दोघे कोणत्या बाजूला झुकतील याचा हिशेब दालनातल्या कोणालाही करता येण्याजोगा होता. आपल्या हातातला हमखास विजय सोडून देऊन दोन विरुद्ध एक असा पराभव ओढवून घ्या, असे एक न्यायाधीश पक्षकारांना सांगत होता. प्रस्तुत अभ्यास प्रामुख्याने त्या सूचनेचा आहे: ती देणारा माणूस त्या खुर्चीपर्यंत कसा आला, तिला आधार काय होता, ती औचित्याला धरून होती का, आणि तिची किंमत कोणी मोजली.

खुर्ची आणि माणूस

‘डिस्ट्रिक्ट जज’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा न्यायाधीश येतो. ती तुलना येथे फसवी आहे. भारतात केंद्राचे आणि राज्याचे कायदे बहुतांशी एकाच न्यायालयीन उतरंडीत चालतात. अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची, म्हणजे फेडरल न्यायालये वेगळी. फेडरल डिस्ट्रिक्ट न्यायाधीश या दुसऱ्या उतरंडीच्या अगदी तळाशी बसतो, साक्षीपुरावा नोंदवतो, ज्युरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, कायदा समजावून सांगतो. पण त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, तिला सिनेटची मान्यता लागते आणि एकदा नेमला की तो तहहयात न्यायाधीश असतो. महाभियोगाशिवाय त्याला काढता येत नाही आणि पदावर असेपर्यंत त्याचा पगारही कमी करता येत नाही. गावाने बहिष्कार टाकलेला माणूस त्याच गावात न्यायासनावर बसून राहू शकला, तो या तरतुदींच्या बळावर.

वेअरिंग यांचा जन्म २७ जुलै १८८० रोजी चार्ल्स्टनमध्येच झाला. घराणे त्या शहरातले आठ पिढ्यांचे. १९०० साली कॉलेज ऑफ चार्ल्स्टनमधून पदवी घेतल्यावर त्यांनी लॉ कॉलेजात न जाता एका वकिलाच्या कार्यालयात राहून कायदा शिकून घेतला आणि १९०२ साली सनद मिळवली. १९१४ ते १९२० या काळात ते साहाय्यक फेडरल सरकारी वकील होते. पुढे १९३३ पासून चार्ल्स्टन नगरपालिकेचे वकील. १९३८ च्या सिनेट निवडणुकीत ‘कॉटन एड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एलिसन स्मिथ यांच्या प्रचारात त्यांनी पुढाकार घेतला. हे स्मिथ कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे कट्टर विरोधक होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ च्या डिसेंबरात वेअरिंग यांचे नाव सुचवले आणि पुढल्या महिन्यात सिनेटने ते मान्य केले, तेव्हा कोणाच्याही भुवया उंचावल्या नाहीत. घराणे, वकिली, पक्षातली ओळखपाळख, सगळे जागच्या जागी होते. एकसष्टाव्या वर्षी असा माणूस काही उलथवून टाकील असे कोणाला का वाटावे?

१९४४ साली चार्ल्स्टनच्या कृष्णवर्णीय शिक्षकांनी समान पगारासाठी केलेला दावा त्यांच्यापुढे आला. वकील थरगुड मार्शलच होते. दक्षिणेतल्या न्यायालयांत न्यायाधीशांकडून तुटक बोलणी ऐकण्याची त्यांना सवय होती. येथे न्यायाधीश स्वतःच प्रतिवादींना अडचणीचे प्रश्न विचारत आहेत हे पाहून आपण अवाक झालो, असे त्यांनी नंतर सांगितले. शिक्षकांच्या बाजूने निकाल झाला. हे साल लक्षात ठेवावे लागते, कारण वेअरिंग यांच्या विरोधकांनी पुढे एक सोपी कथा पसरवली: १९४५ साली म्हाताऱ्याने बत्तीस वर्षांचा संसार मोडला, उत्तरेकडच्या घटस्फोटित बाईशी लग्न केले, समाजाने तोंड फिरवले आणि त्याचा सूड म्हणून तो आपल्याच लोकांवर उलटला. साउथ कॅरोलिनात त्या वेळी घटस्फोटाचा कायदाच नव्हता. पहिल्या पत्नीला त्यासाठी फ्लोरिडात जाऊन राहावे लागले, आणि चार्ल्स्टनने ते कधीच विसरले नाही, हे खरे आहे. पण शिक्षकांच्या पगाराचा निकाल या सगळ्याच्या आधीचा आहे. दुसऱ्या पत्नी एलिझाबेथ यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला यात शंका नाही. त्यांनीच सगळे घडवले असे म्हणणे तारखांत बसत नाही.

अठ्ठावीस मिनिटे

कोणत्या एका खटल्याने वेअरिंग बदलले असे विचारले, तर उत्तर आयझॅक वुडार्ड यांच्या खटल्यापाशी येऊन थांबते. वुडार्ड हे महायुद्धातून परतलेले कृष्णवर्णीय सार्जंट. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी जॉर्जियातील छावणीत त्यांना सैन्यातून सन्मानाने मुक्त करण्यात आले आणि ते गणवेशातच बसने घरी निघाले. वाटेत स्वच्छतागृहासाठी बस थांबवण्यावरून चालकाशी शब्दाला शब्द लागला. साउथ कॅरोलिनातल्या बेट्सबर्ग येथे चालकाने पोलिसांना बोलावले. पोलीस प्रमुख लिनवूड शल याने त्यांना दंडुक्याने असे मारले की त्यांचे दोन्ही डोळे कायमचे गेले.

राज्याने काहीही कारवाई केली नाही. गवगवा झाल्यावर फेडरल सरकारने शलवर खटला भरला आणि तो नोव्हेंबर १९४६ मध्ये राज्याची राजधानी कोलंबिया येथे वेअरिंग यांच्यापुढे चालला. सरकारी बाजूने तपास जेमतेम केला होता. बसमधले जे प्रवासी साक्षीला आणता आले असते त्यांना शोधण्याचीही तोशीस घेतली नव्हती. ज्युरी पूर्णपणे गोरी होती. ती विचारविनिमयाला आत गेली तेव्हा वेअरिंग यांनी टोपी उचलली आणि आपण वीस मिनिटे फिरून येतो असे सांगितले. ज्युरीला वीस मिनिटेही लागणार नाहीत, असे कर्मचारी म्हणाला. मी परत येईपर्यंत त्यांना थांबावेच लागेल, असे वेअरिंग उत्तरले. न्यायाधीश आसनावर नसताना निकाल देता येत नाही. निदान विचार केल्याचा देखावा तरी व्हावा म्हणून हा माणूस रस्त्यावर फेऱ्या मारत राहिला. अवघ्या अठ्ठावीस मिनिटांत शल निर्दोष सुटला. प्रेक्षकांत बसलेल्या एलिझाबेथ वेअरिंग रडत बाहेर पडल्या. त्यानंतर पतिपत्नींनी वंशप्रश्नावरची पुस्तके आणून रोज रात्री वाचायला सुरुवात केली. दक्षिणेत आयुष्याची साठ-पासष्ट वर्षे काढलेला हा कायदेपंडित ज्या समाजात वाढला त्याचाच अभ्यास परक्यासारखा करू लागला. वुडार्ड यांची हकीकत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याही कानांवर गेली होती. नागरी हक्कांविषयीची समिती आणि १९४८ सालचा सैन्यातले वर्णविभाजन संपवणारा आदेश यांमागे जी कारणे सांगितली जातात त्यांत ती एक आहे.

पुढची चार वर्षे थोडक्यात सांगता येतील. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आणि गोऱ्यांपुरत्या राखलेल्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका बेकायदा ठरवताच साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावून प्राथमिक निवडणुकांविषयीचे सगळे कायदेच रद्द केले आणि डेमोक्रॅटिक पक्ष हा आता खासगी क्लब आहे असा पवित्रा घेतला. १९४७ साली वेअरिंग यांनी तो पवित्रा मोडून काढला. साउथ कॅरोलिनाने पुन्हा संघराज्यात सामील होण्याची वेळ आली आहे, असे त्यांनी निकालपत्रात लिहिले. पक्षाने मग मतदारांकडून वर्णविभाजनाला पाठिंब्याची शपथ मागितली, तेव्हा १९४८ साली त्यांनी तीही रोखली आणि हुकूम मोडणाऱ्याला दंडावर सोडणार नाही, तुरुंगात पाठवीन, अशी ताकीद दिली. त्या ऑगस्टमध्ये तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांनी राज्याच्या प्राथमिक निवडणुकीत मतदान केले. आपल्या न्यायालयात त्यांनी बसण्याच्या वेगवेगळ्या जागा बंद केल्या आणि ज्युरीच्या यादीत कृष्णवर्णीयांच्या नावांपुढे खूण करण्याची प्रथाही मोडली.

बदल्यात त्यांना जे मिळाले त्याची यादी लांब आहे. मीटिंग स्ट्रीटवरच्या घरी गोऱ्यांचे येणेजाणे थांबले. जेवायला येत ते शहरातले कृष्णवर्णीय शिक्षक आणि कार्यकर्ते, आणि तीच आणखी एक वार्ता झाली. जानेवारी १९५० मध्ये एलिझाबेथ यांनी एका जाहीर भाषणात दक्षिणेतल्या गोऱ्यांना आजारी, गोंधळलेले आणि ऱ्हासाला लागलेले लोक म्हटले. मार्चमध्ये धमकी म्हणून घरासमोर क्रॉस जाळण्यात आला. ऑक्टोबरच्या एका रात्री पत्ते खेळत बसलेल्या पतिपत्नींच्या दिवाणखान्यावर दगड आले. विधिमंडळात महाभियोगाच्या मागणीचे ठराव आले. पूर्वसुनावणीला आता जेमतेम सहा आठवडे उरले होते.

एका बसची मागणी

चार्ल्स्टनच्या वायव्येला असलेला क्लॅरेंडन परगणा कापसाचा, गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा. तेथे कृष्णवर्णीय मुले शाळेला चालत जात, काही नऊ मैलांपर्यंत; धरणामुळे झालेल्या मॅरियन सरोवराचे पाणी वाटेत पसरले की होडी वल्हवत जात. गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडे. १९४९-५० या वर्षी गोऱ्या विद्यार्थ्यामागे १७९ डॉलर खर्च झाले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागे ४३.

पाद्री आणि शिक्षक जोसेफ डिलेन यांनी सुरुवातीला फक्त पेट्रोलचे पैसे मागितले होते. नकार आल्यावर लीवाय पीअरसन या शेतकऱ्याने बससाठी दावा लावला. त्याची जमीन दोन शाळा-विभागांच्या सीमेवर येत असल्याने, कर एका विभागात आणि मुले दुसऱ्या विभागात, या कारणाने १९४८ साली तो दावा गळाला. मधल्या काळात त्याला बियाण्यासाठी उधार मिळेनासे झाले आणि पीक उभे असताना कापणीचे यंत्र कोणी भाड्याने देईना. डिलेन यांनी मग घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये शंभरावर सह्यांचा अर्ज शाळा-मंडळाकडे गेला. वर्णानुक्रमात हॅरी ब्रिग्ज यांचे नाव वर येत होते म्हणून दावा त्यांच्या नावाने ओळखला गेला. प्रतिवादी एलियट हे मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांची लाकडाची वखार होती. ब्रिग्ज नौदलातून परतून क्लॅरेंडनमधल्या समरटन गावातल्या एका पेट्रोलपंपावर नोकरीला होते. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने त्यांच्या हातात सिगारेटचा एक खोका भेट म्हणून ठेवला आणि नोकरीवरून काढून टाकले. त्यांच्या पत्नी एलायझा एका मोटेलात साफसफाईचे काम करीत. त्यांचेही काम गेले. याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण दाव्याचे डावपेच ठरवणाऱ्या दालनात ही माणसे नव्हती.

मे १९५० मध्ये दाखल झालेला पहिला दावा समान सोयींचा होता. त्यात वर्णविभाजनाला आव्हान असल्याचे ओझरते शब्द होते, आणि तेवढे पुरेसे आहेत असे मार्शल यांनी पूर्वसुनावणीत सांगूनही पाहिले. वेअरिंग यांचे म्हणणे असे की शब्द ओझरते राहिले तर कोणतेही न्यायालय सोपी वाट धरील, सोयी समान करा असा हुकूम देईल आणि मूळ प्रश्नाला हातही लावणार नाही. तसे आजवर पुष्कळदा घडले आहे.

मार्शल यांचा संकोच समजून घेण्याजोगा आहे. त्यांच्या संघटनेने, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने, त्याच वर्षी वर्णविभाजनावर सरळ हल्ला करायचे धोरण ठरवले होते. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास आणि ओक्लाहोमा येथील पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रकरणांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिले होते. पण १८९६ सालचे ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ आणि त्यातले ‘वेगळे पण समान’ हे सूत्र, म्हणजे सोयी समान असतील तर त्या वंशानुसार वेगळ्या ठेवता येतात हे तत्त्व, मोडले नव्हते. अशा वेळी पहिला घाव घालायचा तर तो खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर आणि तोही कडव्या दक्षिणेत घालावा का? कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या परगण्यात गोरे प्रतिकार सर्वांत तीव्र करणार, आणि घटनात्मक पराभव झाला तर तो नजीर म्हणून, म्हणजे पुढच्या खटल्यांत आधार धरला जाणारा निकाल म्हणून, पन्नास वर्षे मानेवर बसणार. तरीही मार्शल यांनी दावा मागे घेतला आणि डिसेंबरात नव्याने दाखल केला.

औचित्याचा प्रश्न

न्यायाधीशाने पक्षकाराला दावा कसा लावावा हे सांगावे का? याचे साधे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि वेअरिंग यांच्या बाजूने लिहिणारे ते फार लवकर बाजूला सारतात.

त्यांच्या बाजूने जे म्हणता येते ते असे. पूर्वसुनावणीचा हेतूच मुळी वाद नेमका काय आहे हे निश्चित करण्याचा असतो, आणि दाव्यातली संदिग्धता दूर करायला सांगणे न्यायाधीशाच्या कामात बसते. अधिकारक्षेत्राचा प्रश्न खरा होता: राज्याच्या घटनेतले वर्णविभाजनाचे कलम एकट्या न्यायाधीशाला रोखता येत नव्हते, तेव्हा वादींना तेच हवे असेल तर तीन न्यायाधीशांचे न्यायालय टाळता येत नव्हते. शिवाय हे सगळे प्रतिपक्षाच्या वकिलांसमक्ष झाले.

पण प्रकरण इथे संपत नाही. वेअरिंग यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींवरून हे उघड दिसते की ‘वेगळे पण समान’ या चौकटीतला आणखी एक दावा त्यांना ऐकायचा नव्हता, त्यांना समोरासमोरचा हल्ला हवा होता आणि तो कुठे पोहोचेल याचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार होता. एनएएसीपीचे सचिव वॉल्टर व्हाइट यांच्याशी त्यांचा घरोबा होता. वर्णविभाजनाविरुद्ध ते जाहीर सभांत बोलले होते. आजच्या मापाने पाहिले तर एवढ्या गोष्टींवरून प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्यावे असा अर्ज नक्कीच झाला असता. माझ्या मते त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता, तो ज्या रेट्याने विचारला गेला तो नव्हता. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की त्यांनी ज्या न्यायालयात ढकलले तेथे त्यांचा स्वतःचा अधिकार कमी होत होता. पक्षपाती न्यायाधीश सहसा खटला आपल्या हाताखाली ओढून घेतो. इथे तो हातातून सोडून दिला गेला.

२८ मे १९५१

खटला चार्ल्स्टनच्या ब्रॉड स्ट्रीट आणि मीटिंग स्ट्रीट यांच्या चौकातल्या फेडरल न्यायालयात सोमवारी सुरू झाला. क्लॅरेंडनहून मोटारींच्या रांगा करून माणसे पहाटेच निघाली होती. दालन लहान होते. शेकडो माणसे जिन्यात, मार्गिकांत आणि खाली रस्त्यावर उभी राहिली, आणि आत जे चालले ते तोंडातोंडी खालपर्यंत पोहोचवले जात होते.

वेअरिंग यांच्याबरोबर दोन न्यायाधीश बसले. जॉर्ज बेल टिमरमन यांची मते कोणापासून लपलेली नव्हती. अध्यक्षस्थानी अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश जॉन पार्कर होते, आणि या प्रकरणातले सर्वांत गुंतागुंतीचे पात्र तेच आहे. १९३० साली सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव पुढे आले होते. कामगार संघटना आणि एनएएसीपी यांच्या विरोधामुळे सिनेटने ते ४१ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळले. तरीही प्राथमिक निवडणुकीच्या प्रकरणात वेअरिंग यांचा निकाल अपिलात कायम करणारे निकालपत्र याच पार्कर यांनी लिहिले. नजीर जिथवर नेईल तिथवर ते जात, त्यापुढे एक पाऊलही नाही.

सुनावणी सुरू होताच राज्याचे वकील रॉबर्ट फिग उठले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा समान नाहीत हे त्यांनी सरळ कबूल करून टाकले. नवे गव्हर्नर जेम्स बर्न्स यांनी तीन टक्के विक्रीकर आणि साडेसात कोटी डॉलरचे रोखे यांच्या जोरावर शाळा सुधारण्याची योजना आणली आहे, तेव्हा मुदत द्यावी, अशी त्यांची विनंती होती. हे बर्न्स स्वतः काही काळ सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राहिलेले. पाणी कुठे मुरते आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते. कबुलीजबाबाचा हेतू खटल्यातली हवा काढून घेण्याचा होता. असमानता मान्यच आहे म्हटल्यावर पडक्या इमारती, आडावरचे पाणी, शेतातले संडास यांच्यावरचा पुरावा कशाला नोंदवायचा? दावा जुन्या रूपात असता तर त्या क्षणी तो संपला असता, हे येथे स्पष्ट दिसते. नोव्हेंबरमधली सूचना या एका क्षणी फळाला आली.

मार्शल यांनी तरीही साक्षीदार उभे केले. त्यांतले मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी क्लॅरेंडनमधल्या सहा ते नऊ वर्षांच्या सोळा कृष्णवर्णीय मुलांपुढे दोन बाहुल्या ठेवल्या होत्या, एक गोरी आणि एक सावळी, बाकी सगळे सारखेच. दहा मुलांना गोरी बाहुली आवडली. वाईट कोणती दिसते असे विचारल्यावर अकरा मुलांनी सावळीकडे बोट केले. सोळा मुलांच्या चाचणीवरून किती मोठा निष्कर्ष काढावा याविषयी तेव्हाही शंका घेतल्या गेल्या आणि पुढेही घेतल्या गेल्या, आणि त्या अगदीच निराधार नाहीत. फिग यांनी उलटतपासणी आटोपती घेतली. लहान मुलांच्या बाहुल्यांवर घटनेचा अर्थ ठरेल असे त्यांना वाटले नसावे.

जूनमध्ये निकाल आला: दोन विरुद्ध एक. पार्कर आणि टिमरमन यांनी वेगळ्या शाळा वैध ठरवल्या, सोयी समान करण्याचा हुकूम दिला आणि सहा महिन्यांत अहवाल मागितला. वेअरिंग यांनी भिन्न निकालपत्र लिहिले. त्यातला राग कबुलीजबाबाच्या युक्तीवर आहे. काही इमारती, लिहायचे फळे, दिवे आणि स्वच्छतागृहे असमान आहेत आणि थोडे डॉलर खर्चून ती नीट करता येतील, एवढे मान्य करून जर एवढे मोठे प्रकरण बाजूला सारता येत असेल, तर या वादींना आपली दाद मागायला जागाच उरत नाही, असे ते लिहितात. पदव्युत्तर महाविद्यालयांतून वर्णविभाजन काढायचे आणि शाळेत ठेवायचे हे तर्काला धरून नाही. ते चूक असेल तर थांबवायची जागा पहिली इयत्ता आहे. आणि मग ते चार शब्दांचे वाक्य: वर्णविभाजन हीच विषमता आहे. नजिरांवर पकड ठेवून केलेले हे लेखन नाही; जागोजाग ते वकिली पवित्र्यात शिरते. पण ‘प्लेसी’नंतर शाळांच्या बाबतीत कोणत्याही फेडरल न्यायाधीशाने इतके सरळ लिहिले नव्हते.

पुढचा हिशेब

पूर्ण पगारावर निवृत्त व्हायला वय सत्तर आणि नोकरी दहा वर्षे लागत असे. दहा वर्षे भरताच, १५ फेब्रुवारी १९५२ रोजी, वेअरिंग निवृत्त झाले आणि पतिपत्नी न्यूयॉर्कला निघून गेले. सर्वोच्च न्यायालयाने अहवाल पाहण्यासाठी प्रकरण खाली पाठवले होते. मार्चमध्ये ते पुन्हा चालले तेव्हा त्यांच्या जागी दुसरे न्यायाधीश होते आणि या वेळी एकही भिन्न मत नोंदले गेले नाही. तेथून ते पुन्हा वर गेले, कॅन्ससच्या ‘ब्राउन’ प्रकरणासह इतरांशी जोडले गेले, आणि १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश वॉरन यांनी नऊ विरुद्ध शून्य असा निकाल वाचला: वेगळ्या शैक्षणिक सोयी मुळातच असमान असतात. त्या निकालपत्रात वेअरिंग यांच्या भिन्न मताचा आधार घेतलेला नाही.

शेवटचा शब्द मात्र पार्कर यांचा झाला, निदान एका दशकापुरता. प्रकरण अंमलबजावणीसाठी परत आले तेव्हा, जुलै १९५५ मध्ये, त्यांनी लिहिले की घटना मुलांना एकत्र आणायला सांगत नाही, ती फक्त भेदभावाला मनाई करते. हे वाक्य ‘ब्रिग्ज डिक्टम’ (डिक्टम म्हणजे निकालपत्रातले ओघात केलेले विधान) म्हणून प्रसिद्ध झाले आणि दक्षिणेतल्या शाळा-मंडळांनी त्यावर दहाएक वर्षे वेळ मारून नेली. समरटनच्या गोऱ्यांच्या शाळेत पहिली मोजकी कृष्णवर्णीय मुले १९६५ साली गेली. ज्या मुलांसाठी दावा लावला त्यांची शाळेची वये तोवर उलटून गेली होती.

डिलेन यांचे समरटनमधले घर १९५१ च्या ऑक्टोबरात जळून खाक झाले. १९५५ साली त्यांचे चर्च जळाले, घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांनी उलट गोळी झाडली आणि रातोरात राज्य सोडले. त्यांच्यावरचे अटकेचे वॉरंट मृत्यूनंतर पाव शतकाहून अधिक काळाने, २००० साली, रद्द झाले. ब्रिग्ज कामाच्या शोधात फ्लोरिडाला गेले. २००४ साली डिलेन, पीअरसन आणि ब्रिग्ज पतिपत्नींना अमेरिकी संसदेचे, म्हणजे तिथल्या काँग्रेसचे, सुवर्णपदक मरणोत्तर देण्यात आले.

वेअरिंग ११ जानेवारी १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. चार्ल्स्टनच्या मॅग्नोलिया स्मशानभूमीत त्यांना पुरले तेव्हा सुमारे दोनशे कृष्णवर्णीय आले होते आणि गोरी माणसे डझनभर. त्याच वर्षी एलिझाबेथही गेल्या. २०१५ साली चार्ल्स्टनच्या फेडरल न्यायालय इमारतीला वेअरिंग यांचे नाव देण्यात आले. तिच्यावर आधी माजी सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांचे नाव होते. ते तेव्हा हयात होते, आणि आपले नाव काढून तेथे वेअरिंग यांचे लावावे, अशी मागणी त्यांनी स्वतःच केली होती.